दुसरा गळ

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा वाकून (एकाच बाजूने वाकता येतं) नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे आणि मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडचं म्हणाल तर तुमची भाचेसून ठणठणीत आहे, सासरे खणखणीत आहेत आणि खांदा दुखावून माझा उजवा हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे हे पत्र मी डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर मामींकडून वाचून घ्या. काळजीचं कारण नाही. (म्हणजे तुम्ही घाबरू नका. तो विभाग मी सांभाळतोय.)

माझ्या सासऱ्यांना तुम्ही लग्नात पाहिलंत. सुटात गप्प उभे होते ते. समुद्रावरही ते तसेच गप्प असतात, फक्त सूट नसतो. दर रविवारी स्वतःची मोटारहोडी घेऊन पार किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचं आणि मोठ्या माशांमागे फिरायचं, हा त्यांचा छंद. आम्ही सुट्टीला इथे आल्यापासून मलाही नेतात. मला पाण्याची किती भीती वाटते ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पोहायला शिकवताना तुमच्याच मानेला मिठी मारून मी तुम्हाला तळाशी नेत होतो. पण सासऱ्यांना नाही म्हणायची भीती पाण्याच्या भीतीहून मोठी निघाली.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर गळांचा डबा आणून ठेवला. हा प्रकार तुम्हाला समजावून सांगायला हवा. धावत्या होडीमागे पाण्यात खोटा मासा ओढायचा असतो. त्याला प्लास्टिकचं डोकं, काचेचे डोळे आणि खाली रबराची रंगीत झालर असते. (आपल्या बँडवाल्यांच्या टोपीला असते तशी.) डोक्यातल्या भोकातून जाड नायलॉनची दोरी ओवायची, झालरीच्या आत गळ लपवायचा, दोरीला फास करायचा आणि फासावर धातूची इवलीशी नळी चढवून ती पकडीने दाबायची. नळी नीट दाबली गेली नाही तर मासा, गळ आणि सासऱ्यांच्या नजरेतली आपली पत सगळं एकदमच जातं. या कामाला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पण त्या दिवशी डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जावईबापू, आज तुम्ही बांधा. मला कंटाळा आलाय."

मग त्यांनी विचारलं, एक गळ लावणार की दोन? मी घाईने दोन म्हणालो. एकाच्या तडाख्यातून मासा सुटला तर बोल मला लागणार. दोन असले की निदान बोल वाटला जाईल असा माझा हिशेब. सासरे "तुमची मर्जी" एवढंच म्हणाले. मामा, कमी बोलणारा माणूस "तुमची मर्जी" म्हणतो तेव्हा तिथेच उठून जावं. मी उठलो नाही. पहिल्या गळाला दुसरा जोडला, दोन्ही कानशीने घासून नखाला टोचतील इतके तीक्ष्ण केले आणि प्रत्येक नळी पकडीवर अंगाचा भार टाकून दाबली. तरी धीर होईना म्हणून गळ खिडकीच्या गजात अडकवला आणि दोरीला लोंबकळून पाहिलं. तेवढ्यात तुमची भाचेसून पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. तांब्या ठेवून ती तशीच मागे फिरली.

रविवारी मी लाइफ जॅकेट, त्यावर रेनकोट आणि त्यावर कमरेला करकचून दोरी अशा बंदोबस्तात बसलो होतो. मनात एकच जप, मासा लागू नये. तो लागला. मोठा कुपा होता, बाथटबएवढा. (डोळे मिटलेले होते, थोडं इकडेतिकडे होईल.) बायको सुकाणूवर होती. सासऱ्यांनी मासा होडीजवळ आणला, मला दोरी धरायला सांगितलं आणि लांब दांड्याचा आकडा घेऊन वाकले. आकडा पाण्यावर आपटला, माशाला लागलाच नाही. मासा उसळून वळला. तो मागच्या गळाला लागलेला होता. पुढचा मोकळा गळ वर आला आणि माझ्या रेनकोटच्या बाहीत आरपार घुसला.

मग मासा खाली निघाला आणि मीही. छाती कठड्यावर आपटली, हात खांद्यापर्यंत पाण्यात, नाक पाण्यात. पाण्याखाली इतकं हिरवंकाळं असतं आणि त्याला तळच दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर त्यात समुद्र आला. सासऱ्यांनी कमरेची दोरी धरून मला मागे ओढलं, मासा पुढे ओढत होता आणि मी, ज्याने रात्रभर नळी सुटू नये म्हणून प्रार्थना केली होती, तो आता ती सुटावी म्हणून विनवत होतो. ती सुटेना. इतकं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही.

"हात हलवू नकोस," बायको कानाजवळ म्हणाली. तिच्या हातात मासे कापायची सुरी होती. तिने बाही खांद्यापासून कापली. मी मागे सासऱ्यांच्या अंगावर पडलो. बराच वेळ आम्ही दोघे तसेच पडून होतो. त्यांनी माझी कंबर सोडली नव्हती. पुढे मासा दमून वर आला तेव्हा माझी बाही त्याच्यासोबत होती. सासरे म्हणाले, "बांधणी पक्की आहे." हे कौतुक म्हणजे पुढच्या रविवारचं आमंत्रण, हे मला तिथेच कळलं.

मामींना साष्टांग सांगा.

तुमचा भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की, तुम्ही शनिवारी दुपारी इथे फोन करावा आणि तुमची कंबर फारच धरली आहे, भाच्याला ताबडतोब पाठवा, असं सांगावं. थोडं कण्हलात तर बरं.

ता. क. दुसरा. फोन करू नका. आज चहाच्या वेळी तुमची भाचेसून बाजारात गेल्यावर सासऱ्यांनी नळी आणि दोरी माझ्यापुढे ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मला हे भोक दिसत नाही हो. मासाही दिसला नाही परवा. तिला कळलं तर होडी विकायला लावील." मी म्हणालो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी येतो सोबत आणि तोवर दोऱ्या मी ओवतो. एकच गळ लावून. रविवारी मी बरोबर असेन हेही तोंडातून निघून गेलं. तेव्हा घड्याळं उघडताना तुम्ही डोळ्याला लावता तसं एक भिंग त्यांच्यासाठी पाठवा. पार्सलवर नाव माझं घाला. हिने विचारलंच तर माझीच नजर अधू झाली आहे असं सांगायचं ठरलंय. (ते अगदीच खोटं नाही. लाट आली की मला काहीच दिसत नाही.)