वरचा बाण

३ मार्च

पुन्हा साबण बदलला! आंघोळ झाली की हे खाजवत सुटतात — पाठ, दंड, मांड्या. पुरळ नाही, गांधी नाही, काही नाही. आणि खापर कुणावर? माझ्यावर! "तू आणतेस तो साबणच भिकार." चोर सोडून संन्याशाला फाशी!

७ मार्च

ह्यांच्या शाळेत रक्तदान होतं. हे खेळाचे सर, तेव्हा मुलांना दाखवायला पहिल्या रांगेत. परत पाठवलं! हिमोग्लोबिन फार जास्त आहे, आधी तपासून घ्या, असं सांगितलं. पण पैलवान घरी आले ते छाती फुगवून. "माझं रक्त त्यांना झेपेना!"

सासूबाई खूश. नणंदबाई फोनवर — "दादाचं रक्तच वेगळं गं!" चढवा, चढवा हरभऱ्याच्या झाडावर. उतरवायला मीच आहे.

८ मार्च

डोकं ठणकतंय म्हणून हल्ली शिट्टीसुद्धा वाजवत नाहीत. म्हटलं, चला तपासायला. "ज्याचं रक्त कमी, तो तपासतो." घ्या! ह्यांना कोण शिकवणार?

१२ मार्च

अक्षरशः ओढत नेलं. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १९.४, शेजारी वर जाणारा बाण. हिमॅटोक्रिट ५९, वरचा बाण. प्लेटलेटलाही वरचा बाण. ह्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला! प्रगतिपुस्तकच जसं! वर मला म्हणतात, "तुझं अकरा. दोघांची सरासरी काढली तर तूही पास."

हसू आलं मेलं. त्याचाही राग आला.

१५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, "सिगारेट ओढता?" नाही. "गरम पाण्याच्या आंघोळीनंतर खाज सुटते?"

मी खुर्चीतून उठलेच! म्हणजे साबण नव्हताच! इतके दिवस मी बोलणी खाल्ली ती फुकट!

बाईंनी नीट समजावलं. ५९ म्हणजे शंभर भाग रक्तात एकोणसाठ भाग नुसत्या तांबड्या पेशी. रक्त दाट झालंय. हाडांच्या आतला मगज पेशी बनवायचं थांबतच नाही, असा संशय आहे. त्यासाठी जनुकाची तपासणी करायची. पण तोवर रोज एक गोळी, आणि एक पिशवी रक्त काढून टाकायचं — लगेच. "गुठळी मेंदूत गेली तर हात जाईल, बोलणं जाईल."

हे हसले. "हा हात?" म्हणून उजवा कोपर टेबलावर टेकवला — पंजा लढवायला! बाई हसल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च

घरात दरबार भरला. सासूबाई — "आयुष्यभर खाऊ घालून मी केलेलं रक्त, आणि ते ओतून टाकणार?" नणंदबाई — "हे डॉक्टर सगळे लुटारू असतात, वहिनी." आणि हे — "आंतरशालेय सामने होऊ देत, मग बघू."

अति तिथं माती, एवढं साधं ह्या घरात कुणाला कळत नाही. कमी पडलं म्हणून रडणारे आजवर पुष्कळ पाहिलेत, जास्त झालं म्हणून कुणी घाबरतच नाही. पातेलं आपटलं. पोचा आला. तोही माझ्याच पातेल्याला!

भीती वाटते मला. खूप. म्हणून तर एवढी ओरडते. ते तोंडानं सांगता येत नाही, इथे लिहिते.

१९ मार्च

गोळ्यांचं पाकीट उघडलेलंसुद्धा नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

२१ मार्च

फ्रिजवरचा कागद काढला. ह्यांनी परत लावला. मी बोलणं बंद केलंय. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही.

२३ मार्च

सकाळी चहाचा कप ह्यांनी डाव्या हातानं उचलला. उजवा मांडीवर नुसता पडलेला. "झोपेत अवघडला," म्हणाले, तेही अर्ध्या तोंडानं.

हॉस्पिटलात आलोय. हे आत आहेत. मी बाहेर बाकावर. फ्रिजवरचा कागद मांडीवर आहे.

बरे व्हा हो. मला अजून खूप भांडायचंय.