गाडीवरच्या चहाने जांभळं पाणी पिवळं होईना

९ फेब्रु.
सायली आली होती. मेहुण्याची, सुरेशची पोरगी, पालघरला बी.एस्सी. करते. लोक रोज पितात त्यात अँटिऑक्सिडंट किती, ते मोजायचंय. कोकम, लिंबू सरबत, उसाचा रस, आपल्या गाड्यांवरचा चहा. "आतोबा, बोईसरला एमआयडीसीत तुमचाच पितात ना सगळे?" फुगलो. थर्मास भरून दिला.

१२ फेब्रु.
तिचा फोन. जांभळं पाणी असतं म्हणे, पेय घातलं की पिवळं पडतं. जितकं पिवळं तितकं चांगलं. कोकमाने पडलं. आपल्या चहाने जांभळं ते जांभळंच. म्हटलं, अगं, दुधाचा नेलास! दुधाने दबत असेल. "मॅडमपण तेच म्हणाल्या." हसलो दोघंही. कोरा देतो म्हटलं.
तरी चुटपुट लागलीच.

१४ फेब्रु.
दोन कोरे पाठवले. एक गाडीवरच्या पुडीचा, एक घरच्या. दोन्ही मीच उकळले, सारखेच. घरची पूड ही आणते दुकानातून. गाड्यांची सुरेश आणतो, पहिल्यापासून. कुठून, ते मी कधी...

१७ फेब्रु.
घरचा पिवळाधम्मक. गाडीवरचा जेमतेम फिकट.
"बाबांना सांगू?"
नको पोरी, आधी मी बघतो.
गार पाण्यात चिमूट-चिमूट टाकून बघितली. गाडीच्या पुडीचा रंग लगेच सुटला, घरच्या पुडीचा नाही. उकळलेला चोथा वाळवून, रंग लावून विकतात, हे ऐकून होतो. दुसऱ्यांच्या बाबतीत.

१८ फेब्रु.
सुरेशला सहज विचारल्यासारखं विचारलं, पूड बदललीस का रे?
"नाय वो भावोजी, तीच हाय. तुमची जीभ म्हातारी झाली."
हसला. मीही हसलो. एरवी पुडीचं नाव काढलं की भाव वाढल्याचं रडगाणं सुरू करतो. आज नाही. म्हटलं, चल, व्यापाऱ्याकडे मीही येतो.
"तुमी कशाला? ऊन हाय."
जन्म गेला माझा स्टोव्हपुढे, मला ऊन लागणार!
कदाचित त्यालाच कुणी फसवत असेल. तसंच असू दे.
हिच्या कानावर घातलं. "माझ्या भावावर पाळत ठेवता?" ताट आपटूनच वाढलं. भाजीत मीठही नव्हतं, पण ते बोलायची सोय नाही.

२० फेब्रु.
गाड्या बंद ठेवल्या. कंपन्यांतून फोनवर फोन, स्टोव्ह बिघडले सांगतोय. माणसं माझ्या नावावर पितात तो चहा.
दुपारी सायली. आवाज बारीक. "आतोबा, प्रोजेक्टमधून चहा वगळला तर चालेल ना? कोकम, लिंबू, रस, एवढं पुरे होतंय."
मॅडम काय म्हणाल्या विचारलं. मागे कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं मी माझ्या लग्नापासून ओळखतो.
"बाबांना दे फोन."
"ते इथे कुठायत?"
बरं, म्हटलं. पण ठेवला नाही फोन. तिनेही नाही. मग मीही खाकरलो.