पंखे बंद पडले त्या दुपारी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्याशीच बोलायचं आहे, कारण इथे दुसऱ्या कुणाला रागच येत नाही. लहानपणी चामोर्शीच्या बाजारातून मी कोंबडी पाय धरून, उलटी लटकवत आणली होती. तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. "तुले असं धरून नेलं तं चालन का?" म्हणालीस. संध्याकाळी तिचाच रस्सा होणार होता, तरी तू आधी तिला पाणी पाजलंस.

आता मूल गावाच्या रस्त्यावर कंपनीचं कोंबड्यांचं मोठं शेड आहे. मी आणि माझी जाऊ तिथे कामाला होतो. तिथली कोंबडी थोड्याच दिवसांत एवढी फुगते की स्वतःच्या पायांवर उभी राहू शकत नाही. ती कधी माती उकरत नाही, ऊन पाहत नाही. गाडी आली की मुठीत मावतील तेवढे पाय धरायचे आणि खोक्यात कोंबायचं.

मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली, जनरेटर चालेना, पंखे थांबले. पत्र्याखाली जिकडेतिकडे उघड्या चोची. आम्ही पाणी शिंपडतोय आणि पक्षी माना टाकतायत. मेलेले बाहेर काढता काढता, त्यांच्या विष्ठेच्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या वाफेत जाऊ कोसळली. मी सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, बाई पडली इथी."

"पक्षी किती गेले?"

"मी बाईचं सांगून राह्यली!"

"ते पाहू नंतर. आधी आकडा सांग."

मी फोन बंद केला आणि खाद्य उतरवून निघालेल्या गाडीसमोर उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मालकाले इचारल्याशिवाय नाई नेता येत, बाई."

"मंग माह्या अंगावरून ने."

तो खाली उतरला, तिला उचलू लागला. दवाखान्यात ती वाचली, पण आता विहिरीवरून पाण्याची एक गुंड भरून आणली तरी तिला धाप लागते. मेलेल्या पक्ष्यांची पाहणी करायला साहेब आले, खड्डा खणून चुना टाकला. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. आम्हा दोघींना मात्र उद्यापासून येऊ नका, एवढा निरोप आला. शहरात लोक म्हणतात, चिकन स्वस्त झालं. कुणाच्या जिवावर, ते विचारत नाहीत!

हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? आणि तुला तरी कुठे धाडू? एक मात्र सांगून टाकते. धानाच्या रोवण्यांना अजून अवकाश आहे, दुसरं काम नाही. सोमवारपासून मी पलीकडच्या गावातल्या शेडवर जाते आहे. जावेला सांगितलंय, बांधकामावर जाते म्हणून.