पंखा नसलेलं कार्ड

धुळे,
सोमवार, १० मे १९९९

ती. सौ. कुंदाअक्कास,

लीलाधरचा नमस्कार. हे पत्र तू आधी बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. मग दाजी म्हणतील, वाच तरी, आणि तू चष्मा शोधायला लागशील. तोवर दाजींनाही माझा नमस्कार सांग. लग्नाच्या धावपळीत त्यांची कंबर धरली होती, ती आता सुटली असेल अशी आशा आहे. ज्योत्स्ना सासरी रमली का? जावईबापू बोलायला बरे वाटले. फोटोग्राफरपुढे मात्र शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे होते.

लग्नात तू माझ्याशी धड बोलली नाहीस. बरोबरच आहे तुझं. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या माहेरपणाला, तुला घ्यायला कोणी आलं नाही, आणि नातीच्या लग्नाला आजी आली नाही. उन्हाचा त्रास होतो, असं मी सांगितलं. खान्देशातली बाई उन्हाला घाबरून नातीचं लग्न चुकवते, हे तुला पटलं नसणार. मला सांगतानाच ते खोटं वाटत होतं.

इकडचं म्हणशील तर लगीनसराई जोरात आहे. छापायच्या लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवून जुळवून माझे डोळे गेले. एका पार्टीने तर नवरदेवाच्या मामाचं नाव तीनदा बदललं, कारण कोणत्या मामाचा रुसवा कधी निघतो याचा भरवसा नव्हता.

कॉम्प्युटर तोच, नाशिकच्या एका पोराकडून जुना घेतलेला. त्याने तो गेम खेळायला बनवून घेतला होता, म्हणून त्यात चित्राचं कार्ड भारी होतं. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ते काम करताना तापतं, म्हणून त्याच्यावर डबीच्या झाकणाएवढा एक पंखा असतो. धुळ्याच्या धुळीने त्या पंख्याची पार वाट लागली होती. कॉम्प्युटर सुरू केला की समोरच्या खोलीत पिठाची गिरणी लावल्यासारखं व्हायचं. आमच्या घरी आलेला माणूस आधी मोठ्याने बोलायचा आणि मग बाहेर जाऊनही मोठ्यानेच बोलत राहायचा.

गेल्या महिन्यात मी ते कार्ड बदललं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तोताराम दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याने मुंबईहून दुसरं आणून दिलं. त्याला पंखाच नाही. वर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत, ताप त्यांच्यातून आपोआप निघून जातो. तोतारामने कॉम्प्युटरच्या मागचा मोठा पंखाही उघडून पुसला आणि त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. म्हणाला, धुळ्याच्या उन्हाळ्यात हे टिकेल याची गॅरंटी मी देत नाही. म्हणून मी कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलंय आणि मधूनमधून पट्ट्यांना बोट लावून पाहतो. बोट ठेवता येतं. चालतंय.

घर इतकं शांत झालं की पहिल्या दिवशी तुझी भावजय पुष्पा स्वयंपाकघरातून पाहायला आली, लाइट गेले की काय म्हणून. कूलर आम्ही यंदा लावलेला नाही. डोक्यावरचा पंखाही माय लावू देत नाही, तिच्या गळ्याला वारा लागतो.

तिच्या गळ्याचं थोडं दुखणं आहे.

अक्का, मी हे वळणावळणाने सांगतोय. फोन करणार होतो, पण तुमचा फोन शेजारी येतो आणि तिथे सगळं घर गोळा होतं. म्हणून लिहितोय. निंबा कंडक्टर तुमच्या यावलच्या गाडीवर आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो.

मायचा आवाज पौष महिन्यापासून बसला होता. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, होमिओपॅथी झाली. मग इथल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि एक तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा तुमच्याकडे हळदीसाठी जातं धुऊन ठेवलं होतं. मी त्याच दिवशी तुझ्याकडे यायला निघालो होतो. माय दारात आडवी उभी राहिली.

म्हणाली, "ज्योत्स्नानं लगीन व्हई जाऊ दे. तवलोंग कुंदाले काहीच सांगू नको."

ती लग्नाला आली असती तर तिचा आवाज ऐकून तू लग्न सोडून तिलाच धरून बसली असतीस. म्हणून ती आली नाही. आखाजीला तुला आणलं नाही, तेही त्यासाठीच. माझ्यावर राग धर, पण तिच्यावर धरू नकोस.

गळ्यातली गाठ साधी नाही. तिला मुंबईला दाखवून आणलं. तिथले डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर ती जगेल, आपण वेळेवर आलोय. पण आवाजाची पेटीच काढावी लागेल. गळ्याला खाली एक भोक ठेवतील, त्यातून ती श्वास घेईल. बोलणं नाही. कायमचंच नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन पानं लागली. आणि लिहून झाल्यावरही मला काही होत नाहीये. पुष्पा मोरीत जाऊन रडून येते. मी पत्रिका जुळवतो, पट्ट्यांना बोट लावून पाहतो, जेवतो, झोप येते. माझं काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण दुरुस्त करायला वेळ नाही. मायला मात्र वाटतं, लीलाधर मोठा धीराचा आहे.

आता कार्डाचं खरं कारण. रिपोर्ट आल्यापासून माय बोलणं टाळायची. सगळं खुणेने. पण मी कामाला बसलो की ती लसणाची टोपली घेऊन माझ्या मागच्या खाटेवर येऊन बसायची. मला वाटायचं, सोबत हवी असेल. एकदा पुष्पा मला बाहेर बोलावून म्हणाली, तुम्हाला कळतं का, माय गातेय. मी अगदी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. जात्यावरच्या ओव्या, तू आणि ती दळताना म्हणायचात त्याच. मोजक्याच नव्हे, एकामागून एक.

तू म्हणशील, टेपरेकॉर्डर कुठे गेला. तो पुढे ठेवला की ती तोंड मिटते. म्हणून कॉम्प्युटरला बोटाएवढा माइक लावला आणि कॅलेंडरमागे लपवला. नंतर लावून ऐकलं, तर नुसती घरघर. घरघरीच्या तळाशी माय, कोणी विहिरीतून बोलावं तशी. तेव्हा मी तोतारामकडे गेलो.

कार्ड आलं. घर शांत झालं. मी माइक लावला, पत्रिका उघडली आणि वाट पाहत बसलो. माय आली, लसूण घेऊन बसली. सगळा लसूण सोलून झाला, टोपली उचलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. मग ती यायचीच बंद झाली.

मी डोकं चालवलं. आपल्यात म्हणतात ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. मला वाटलं, ती घरघर तिला जात्यासारखी होती आणि मी तिचं जातंच बंद पाडलं. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की काल तोतारामकडून जुनं कार्ड मागून आणलं. त्याने ते भंगारात टाकलं नव्हतं. मला म्हणाला, भाऊ, लोक आवाज बंद करायला येतात, तुम्ही सुरू करायला आले. मी नवं काढून जुनं बसवलं, गिरणी सुरू केली आणि मायला हाताला धरून खाटेवर आणून बसवलं. लसणाची टोपलीही दिली.

ती हसली. मग मला जवळ बसायची खूण केली. तिचं बोलणं आता फाटलेलं येतं, शब्द शब्द थांबून. घरघर बंद कर म्हणाली. मी बंद केली. तेव्हा म्हणाली,

"त्या घरघरमा माले मना आवाज आयकू येत नव्हता. आते मी आयका. हाऊ आवाज मना नही शे."

अक्का, मला वाटत होतं ती घरघरीच्या साथीने गाते. ती घरघरीच्या आड गात होती. आतल्या आत तिला तिचा जुना गळा ऐकू येत असणार, शेतावरून घरापर्यंत पोचणारा. मी तिला तिचा आताचा आवाज ऐकवला. एकदा ऐकल्यावर जुना पंखा लावून काही उपयोग नव्हता. मी तिला सांगितलं की माइक लावला होता, कॅलेंडरमागे. ती रागावली नाही. तेवढ्यासाठी एवढं केलं का रे, असं तिने हातानेच विचारलं.

मग ती पुन्हा लसूण सोलायला लागली. मी नवं कार्ड पुन्हा बसवत होतो. स्क्रू घट्ट करत होतो, तेव्हा मागून म्हणाली,

"कुंदाना गळामा मना आवाज शे. तिले बलाव. एकदाव आयकीसन जासू."

हे पत्र त्यासाठी आहे. आम्ही शुक्रवारी ऑपरेशनसाठी मुंबईला निघतोय. बुधवारी सकाळच्या गाडीने मी तुला न्यायला येतो. दाजींना सांग, पाहुण्यांची उठबस त्यांनी एकट्याने पाहावी, लग्नात तूच सगळं पाहिलंस. पुष्पाने मागच्या पडवीतलं जातं उलटून धुऊन ठेवलंय. खुंटा ढिला होता, तो मी ठोकून घट्ट केला. ज्वारीही पाखडून ठेवलीय.

तू आलीस की तिला तब्येतीचं काही विचारू नकोस. तिला उत्तर द्यावं लागेल, आणि तिला तो आवाज नको आहे. रडू आलं तर आधी मोरीत जा, पुष्पाची तिथे जागा ठरलेली आहे. मग जात्यावर बस आणि म्हण. पहिली ओळ विसरली असशील तर दुसरीपासून म्हण. ती खुंट्याला हात लावेल. कॉम्प्युटर मी बंद ठेवणार आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, मग विचारलं, तुम्हाला काही शंका आहे का. मी एकच विचारलं, हिचे कान नीट राहतील ना. त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला असावा. म्हणाले, कानांना काही होत नाही, शेवटपर्यंत सगळं ऐकू येईल.

तुझ्या आवाजाची वाट पाहणाऱ्या मायचा,
लीलाधर