गावकीच्या भांड्यांची किल्ली

आई, तुला कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, म्हणून माझं काम तुला मनातल्या मनात सांगताना मी तुझ्या भांड्यांचाच आधार घेतो. सोनारीत लग्नकार्याचे हंडे, पराती, कढया गावाच्या मालकीच्या आणि किल्ली तुझ्या कनवटीला. कुणीही न्यावं, काय शिजवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. परत देताना घासून द्यावं आणि पोचा आला असेल तर आपणहून सांगावं, एवढाच तुझा कायदा. आम्हीही तसंच करतो. ठिकठिकाणचे वीसेक जण फावल्या वेळात मराठी टाइप करायचा कीबोर्ड बनवतो, फुकट वाटतो, आणि त्याचा कोड कुणीही उघडून बदलावा असं लिहून ठेवतो. बदल मूळ कीबोर्डात घ्यायचा की नाही, हे मात्र मी एकटा ठरवायचो.

मध्यंतरी बँकेत नोकरी करणाऱ्या उमरग्याच्या एका पोरीनं त्यात कन्नड बसवलं. तिच्या आजीला मराठी वाचता येत नाही, कन्नडच येतं. काम चोख होतं, पण तिनं मला आधी विचारलं नव्हतं. हा मराठीचा कीबोर्ड आहे म्हणून मी ते परत पाठवलं. तिनं शांतपणे कळवलं, मग हाच कोड घेऊन मी वेगळा कीबोर्ड काढते. तो हक्क तिला मीच लिहून दिलेला! निम्मे जण तिच्यामागं निघाले. दहा वर्षांचा मांडलेला संसार मोडायला आला आणि मी फुगून बसलो.

तेव्हा आपली शेजारीण आठवली. कोंबड्यांवरून तुमचा वर्षभर अबोला, आणि लेकीच्या लग्नासाठी भांडी मागायला ती दारात उभी. तू रानात होतीस. मी कॉलेजातला शहाणा. भांडी बाहेर गेलीत सांगून तिला वाटेला लावलं. तुला कळलं तशी म्हणालीस, "भांडी गावाची हायत. आपल्याकडं निस्ती किल्ली हाय." आणि सगळ्यात मोठी परात माझ्या डोक्यावर दिलीस. भर दुपारी गल्ली हसतेय आणि मी परात घेऊन निघालोय. लग्नात तिनं मला आग्रह करकरून बुंदी वाढली.

मी त्या पोरीला फोन करून चुकलो म्हणालो. ती म्हणाली, "सर, मला बी येगळी चूल नको हुती." आता किल्ल्या तिघांकडं आहेत, एक तिच्याकडं, नाही म्हणायचं तर तिघांनी मिळून, कारण लिहून. तिची आजी आता त्यावरच रोज कन्नडमध्ये लिहून जेवलीस का विचारते म्हणे. मला फार आनंद होतो, आणि मी तो मिरवतोही.

परवा कीबोर्ड अडकायला लागला, तर सगळ्यांनी तिच्या कन्नडवर बोट ठेवलं. चूक माझ्या जुन्या कोडात निघाली. ते आत्ताच सगळ्यांना लिहून कळवलं, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं, जे टाकायला पेटी नाही. त्या परातीला पोचा आला होता, तो तू शेजारणीच्या माणसांच्या माथी मारलास. आई, परात तिच्या पायरीवर माझ्याच हातून पडली होती. तिनं पाहिलं होतं, आणि ती कधी बोलली नाही.