जनरलचा कुत्रा आणि थोरल्याचे बूट

मिस, तुमचा जनरल गुरुवारी माझ्या नातीच्या अंगात शिरून तिच्या शाळेच्या स्टेजवर आला. पुठ्ठ्याची टोपी, खाकी शर्ट, छातीवर चॉकलेटच्या सोनेरी कागदाची पदकं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता त्याची बाजू घेणारं कुणी उरलं नसेल असं मी धरून चालले होते. पण इथे शारजात, एसीने गारठलेल्या हॉलमध्ये, एक तरुण गोरी शिक्षिका अगदी तुमच्या सुरात म्हणाली की हा माणूस पराभवातही जंटलमन राहिला. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट ठणकायला लागलं.

ते बोट तुम्हीच मोडलंत. तुम्हाला आठवत नसेल, पट्टी हातात असणाऱ्याला कधी आठवत नाही. आमच्या शाळेत, तास सुरू होताच तुमचं ते नेहमीचं "सिट अप स्ट्रेट", आणि मग तुम्ही फळ्यावर नदीचं वळण काढताय. त्या वळणात पहिल्या महायुद्धातलं इराकमधलं ते गाव, गावात आपली, म्हणजे इंग्रजांची, फौज, भोवती तुर्क. जनरलची सगळी कारकीर्द तुम्ही आम्हाला सांगता. तरुणपणी त्याने मूठभर माणसांनिशी डोंगरातली एक गढी लढवली, लंडनमध्ये त्याचं नाव झालं. त्यानंतर जन्मभर त्याला तीच टाळी पुन्हा हवी होती, हे मात्र तुम्ही सांगत नाही, ते मी पुढे स्वतः वाचलं. त्या टाळीसाठी तो नदीने वर वर जात राहिला, बगदादच्या उंबऱ्याशी मार खाल्ला, माणसं कापून घेतली आणि मागे येऊन त्या वळणात बसला. बाहेर त्याला सोडवायला आलेल्या पलटणी चिखलात मशीनगनखाली आडव्या होत होत्या. आत खंदकात पुराचं पाणी, पाण्यात प्रेतं, जिवंत माणसांच्या हिरड्यांतून रक्त. आणि हा वायरलेसवरून वरच्यांना विचारतोय की माझ्या बढतीचं काय झालं.

तुम्ही वर्गाला सांगितलंत की हिंदी शिपाई स्वतःच्या मूर्खपणाने मेले. जनरलने घोडे मारून मांस देऊ केलं होतं, यांनी धर्म बुडतो म्हणून तोंड फिरवलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मिस, माझे आजोबा तिथे होते. ते म्हणतात, जनरल त्यांना टाकून गेला." तुम्ही म्हणालात, "शिपायाला जनरलचं काय कळणार? हात पुढे कर." पट्टी तुम्ही उभी धरली होती. पेरातून रक्त आलं ते माझ्या वहीवर पडलं, आणि वही घाण केली म्हणून आणखी एक पट्टी.

घरी जाऊन मी आजोबांनाच फैलावर घेतलं. मार मी खाल्ला होता, त्याचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा होता. "तुम्ही घोडा का नाही खाल्लात?" आजोबा अंगणात जोंधळे पाखडत होते. सूप न थांबवता म्हणाले, "खाल्ला की. शेवटाला खाल्ला. थोरल्यानं न्हाई खाल्ला." थोरला म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, एकाच पलटणीत. तो म्हणायचा, गावात कळलं तर पंगतीत कोण बसू देईल? घरात तीन पोरी उजवायच्या आहेत, त्यांना कोण करून घेईल? धर्मगुरूंचा घोडा खायला परवानगी देणारा निरोप आला होता म्हणे, पण निरोप आपल्या गावात कुठे पोचला होता? मिस, हा मूर्खपणा नव्हता. बाप होता तो. पोरींचं लग्न आणि स्वतःचं पोट यांतून त्याने निवड केली. तुमच्या जनरलला असली निवड जन्मात करावी लागली नाही.

शरण गेल्यावर जनरलला बोटीत बसवलं, मानाने इस्तंबूलला नेलं, समुद्रातल्या एका बेटावर बंगला दिला. कैदेत असतानाच त्याला 'सर' केलं. त्याचा कुत्राही सुखरूप घरी पाठवला. शिपायांना वाळवंटातून चालवलं, चाबकाखाली, पाण्याशिवाय. थोरला आधीच काडी झाला होता. तो पडला. पहारेकऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने त्याला आधी पाठीत मारलं, मग तोंडावर. "दात पडल्याचा आवाज आला," आजोबा म्हणाले. "मंग म्या त्येचं बूट काढलं. माजं फाटलं हुतं." सूप थांबलं. "तवा जिता हुता त्यो. बघत हुता माज्याकडं."

हे ऐकलं तेव्हा मी जेवढी होते, तेवढीच आज माझी नात आहे. शाळेने प्रत्येकाला इतिहासातलं एक पात्र दिलं होतं. त्याचे कपडे घालून खुर्चीत बसायचं आणि पालक विचारतील त्या प्रश्नांना त्या पात्राच्या तोंडून उत्तरं द्यायची. यादीतून हिच्या वाट्याला नेमका तो आला. लेकीने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आई, प्लीज. तुझा घोडा, तुझे तुर्क, सगळं घरी ठेवून ये. तिने दोन आठवडे मेहनत केलीये." मी म्हटलं, "इन्शाल्ला." लेक म्हणाली, "तू इन्शाल्ला म्हणतेस तेव्हाच मला भीती वाटते."

मी हात वर केला. फुजैराच्या बंदरात जहाजांच्या कप्तानांशी तीस वर्षं भांडून कमावलेलं इंग्रजी बाहेर काढलं. "जनरल, तुमच्या कुत्र्याचं काय झालं?" नात खूश झाली, हे तिला पाठ होतं. तुर्क फार चांगले होते, त्यांनी त्याला घरी पाठवलं. हॉल गोड हसला. "आणि तुमच्या शिपायांचं?" तिने ओठ चावला. "त्यांची नीट काळजी घेऊ असं मला सांगितलं होतं." "कुणी? तुम्ही मागे वळून पाहिलंत?" मी थांबले नाही. दात, दस्ता, वाळू, सगळं बोलले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलाचे कान झाकले. नात खुर्चीत लहान लहान होत गेली. शिक्षिका म्हणाली, "थँक यू, ग्रॅनी." लेकीने माझं कोपर धरलं. "आई, खलास. चल."

घरी आल्यावर नात माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, एकेक पदक ओरबाडून काढत. म्हणाली, "आजी, द जनरल वॉझन्ट इव्हन देअर. आय वॉज."

माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. तो माणूस पुढे निवडणूक जिंकला, जाडजूड पुस्तक लिहून मोकळा झाला, अंथरुणात मेला. कुणीतरी कधीतरी त्याला विचारायलाच हवं होतं. तुम्हालाही. हे पत्र पाठवायचं असतं तर इंग्रजीत लिहावं लागलं असतं, आणि इंग्रजीत मी तुमच्याशी कधी जिंकले नाही, म्हणून ते इथेच राहील.

फक्त एवढंच, मिस. ती माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली होती. खांदे पाडून, नाक ओढत. मी तिला सॉरी म्हणणार होते, खरंच म्हणणार होते. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "सिट अप स्ट्रेट."