शांताची गोधडी

नंदुरबार, मंगळवार. पौष, सन १९४१

आज शांताचे तेरावे झाले. जेवणे उरकल्यावर तिची धाकटी बहीण सखू तान्ह्याला कडेवर घेऊन आत आली आणि शांताची गोधडी उचलून म्हणाली, “दाजी, ही ताईना हातनी शे. मी लई जास. मन्हा पोऱ्याले पांघराले हुई.”

मी म्हणालो, “लई जा.”

घेऊन जा, एवढेच बोललो. सगळ्यांना सांगितले आहे की बायको तापाने गेली. पण धुळ्याला तिच्या छातीचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावले होते. हात मोडला तर मोडलेले हाड दिसते, पोराने गिळलेले नाणे दिसते, आणि छातीचा काढला की फुफ्फुसातला क्षय. ती एक्स-रेची प्लेट मी पेटीमागे लपवली आहे. तिचे कपडे, अंथरूण जाळा, असेही ते म्हणाले होते. कपडे जाळले. गोधडी जाळवली नाही. आजारपणातही शांता तिला टाके घालत होती.

माझ्या बहिणीची सोयरीक सारंगखेड्याला ठरते आहे. क्षयाचे घर म्हटल्यावर कोण मुलगी करील? म्हणून गप्प बसलो. आणि सखूचे मूल?

उद्या सकाळी कोरीटला सखूच्या घरी जाऊन प्लेट दाखवीन, असे मघाशी ठरवले. पण प्लेट पाहून सखूला काय कळणार? तोंडानेच सांगावे लागेल. आणि उद्या कशाला? मूल तर आज रात्रीच त्या गोधडीत निजेल.

त्यांची बैलगाडी अजून फार लांब गेली नसेल. उठतो.